काटकोनांचं वायफाय

माझ्या धाकट्या दिरांना अख्खी गल्ली काटकोन म्हणते. मागून नाही, तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नाही, उलट मान आणखी ताठ होते. पुस्तकं बांधायचा धंदा. खाली दुकान, वर त्यांच्या दोन खोल्या आणि त्यांना लागून माझी एक. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भाऊजी हाफ पँटीत होते, आणि तेव्हाही ताटातला घास चौकोनी मोडायचे. भिंतीवरची तसबीर केसभर वाकडी दिसली, तर पाहुण्याशी बोलता बोलता उठून सरळ करून यायचे. सासूबाई म्हणायच्या, "याची बायको सुताराचा गुण्या लावूनच निवडावी लागणार."

आली ती माझी जाऊ, धाकटी. ती कुठल्याच मापात बसणारी नव्हती. केस कसेही गुंडाळायची, खदखदून हसायची, वस्तू दिसेल तिथे टाकायची. पण बोटं अशी, की शिलाईला बसली की बघत राहावं. ती पानांच्या घड्या शिवायची, भाऊजी पुठ्ठा आणि कापड चढवायचे. जन्मभर दोघांनी हेच केलं. हजारो पुस्तकं हाताखालून गेली, आतलं एक पान वाचलं नाही.

"वाचत बसलो तर बांधणार कोण?" भाऊजी म्हणायचे.

"बघा ना ताई, नाहीतर मोठे पंडित झाले असते," धाकटी म्हणायची.

त्यांना एकच मुलगी. ती कामासाठी दूर परदेशात गेली, एका मोठ्या हॉटेलच्या धोबीखान्यात. जाण्याआधी तिनं घरातल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स घातलं. म्हणाली, म्हाताऱ्या मशीनला हेच झेपतं, शिवाय फुकट. रस्त्यापलीकडच्या शिंप्याकडे इंटरनेटचा डबा होता. सुट्टीच्या दिवशी भाऊजी आणि धाकटी लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे जायचे, डब्याची वायर लावायचे आणि लेकीचा चेहरा बघायचे. शिंपी खुर्च्या द्यायचा आणि मधे मधे स्वतःच बोलायचा, कारण त्याला राहवत नसे.

एकदा दुकानात पुठ्ठ्यांची थप्पी लॅपटॉपवर कोसळली आणि त्याची पुढची कड चिरली. दुसरा कोणी असता तर चिकटपट्टी मारून मोकळा झाला असता. भाऊजींनी ती कड पुस्तकासारखी बांधली. तडा भरला, वर आलेलं जे काही होतं ते दाबून, सरकवून सपाट केलं, आणि काळं कापड ताणून चिकटवलं. कापडाखाली काही उचललेलं राहिलं तर तो बांधणारा कसला, असं त्यांचं म्हणणं. धाकटीनं कोपऱ्याला दोन टाके घातले. लॅपटॉप नव्या वहीसारखा दिसायला लागला.

मग धाकटी आजारी पडली. डोक्यात गाठ. आधी पाय गेले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गाठ वाढेल तशी नजरही जाईल, आणि फार दिवस हातात नाहीत. मुलीचे तिथे राहायचे कागद अडकलेले. निघाली तर परत जाता येणार नव्हतं, आणि औषधपाणी तिच्याच कमाईवर चाललेलं. धाकटीचं एकच मागणं होतं. "दिसतंय तोवर पोरीला बघू द्या."

जिना उतरून शिंप्याकडे जाणं आता होणार नव्हतं. शिंपी बिचारा आपला फोन घेऊन वर आला. पण त्यात चेहरा केवढा, तर सुपारीएवढा. धाकटी डोळे बारीक करून म्हणाली, "कोण आहे? डॉक्टरीणबाई का?" पलीकडे पोरगी रडायला लागली.

लॅपटॉपवर चेहरा मोठा दिसायचा. शिंप्याच्या डब्याचं वायफाय धाकटीच्या खिडकीपर्यंत पोचतं, हे त्याच्या फोनवर कळलंच होतं. फक्त लॅपटॉपनं ते पकडायला हवं होतं. आणि लॅपटॉप काही पकडेना. वायरीवर त्यानं कधी कुरकुर केली नव्हती, म्हणून वायफायची चौकशी आजवर कोणी केलीच नव्हती.

पोरगी फोनवरून एक एक अक्षर सांगायची, भाऊजी काळ्या पडद्यावर एका बोटानं बडवायचे.

"आता जागा सोडा, बाबा."

"किती? बोटभर?"

"बाबा, एकदा ते लांब बटण दाबा फक्त! आता पासवर्ड घाला."

"उमटत नाही काही."

"पासवर्ड उमटत नसतोच त्यात. तुम्ही लिहीत राहा."

न दिसणारं लिहायचं हे भाऊजींना पटेना. ते आणखी जोरात दाबायचे. मशीन दरवेळी एकच म्हणे, वायफाय बंद आहे. पोरीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कडेला एखादं सरकवायचं बटण आहे का? बोट फिरवून बघा."

भाऊजींनी बोट फिरवलं. "काही नाही. माझ्या हातची कड आहे, आरशासारखी सपाट."

"मग ड्रायव्हर नसणार, वायफाय चालवणारा प्रोग्रॅम," पोरगी म्हणाली.

झालं. त्या ड्रायव्हरच्या मागे दोघं लागले. भाऊजी लॅपटॉप छातीशी धरून रस्ता ओलांडायचे, शिंप्याकडे वायर लावून काहीतरी उतरवून घ्यायचे, परत जिना चढायचे, खिडकीशी बसायचे. नाही. पुन्हा शिंप्याकडे. एक ड्रायव्हर घातला तर आवाज गेला, दुसरा घातला तर मशीन उठेचना. दुरुस्तीवाला म्हणाला, "आतलं वायफायचं कार्ड जळलं असेल. नाहीतर हे लिनक्स काढा, विंडोज घालतो." पोरीनं घातलेलं काढायला भाऊजी तयार होईनात. त्यानं मग वायफाय पकडणारी एक बोटाएवढी काडी बाजूला खोचून दिली. तिलाही म्हणे तिचा वेगळा ड्रायव्हर लागत होता.

मी एकदा बोलले, "भाऊजी, जरा तिच्याजवळ बसा हो. त्या डबड्यापेक्षा."

"तिच्यासाठीच तर चाललंय, वहिनी."

आणि इकडे धाकटीची नजर उतरत होती. आधी औषधाच्या बाटल्या ओळखू येईनात. मग मी आत आले की आवाज दिल्याशिवाय मी कोण ते कळेना. ती थट्टेवारी न्यायची. "बरंय ताई, आता तुम्ही मला म्हाताऱ्या दिसत नाही." नंतर नंतर खिडकी कुठे आहे, एवढंच सांगायची.

एका दुपारी भाऊजी असेच तिच्या पलंगावर लॅपटॉप घेऊन बसले होते. पाणी प्यायला उठले, तर मशीन तिच्या मांडीवर ठेवलं. मी पायाशी बसले होते. धाकटीची बोटं सवयीनं कडेवरून फिरायला लागली, शिवलेलं पुस्तक तपासावं तशी. एका जागी थांबली. मागे गेली, परत आली.

"अहो," तिनं हाक मारली. "इथं खडा राहिलाय."

"कुठं?"

"कापडाखाली. तांदळाएवढा. तुमच्या हाताखाली खडा राहिला? म्हातारे झालात."

भाऊजी आले. तिनं त्यांचं बोट धरून त्या जागी टेकवलं. त्यांचा चेहरा मी बघत होते. रक्त खाली उतरत गेलं. खालून सुरी आणली आणि कापड चिरलं. आत एक इवलंसं बटण होतं, कडेला दाबून बसवलेलं. बांधताना भाऊजींनीच सरकवून सपाट केलेलं. त्यांनी नखानं ते परत सरकवलं. मशीनवर एक निळा दिवा लागला, जो आम्ही कोणी कधी पाहिला नव्हता. पडद्यावर गल्लीभरातल्या डब्यांची नावं आली. शिंप्याचं सगळ्यात वर.

त्याच दिवशी पोरीनं कामातून दहा मिनिटं मागून घेतली. पडदाभर तिचा चेहरा आला. वाफेनं लाल झालेली, आणि डोक्यावरचे केस अगदी मुलासारखे कापलेले. मशीनच्या कामात मोकळे केस चालत नाहीत म्हणे.

"आई, दिसतेय का मी?"

धाकटीनं लॅपटॉपकडे तोंड केलं. जरा जास्तच डावीकडे. हसली. "दिसतेस की! केस किती छान वाढलेत गं तुझे."

पोरीनं कापलेल्या केसांवरून हात फिरवला. मी भिंतीकडे बघितलं.

"हो आई," ती म्हणाली. "वाढलेत. कंबरेपर्यंत आलेत."

"तेल लावत जा."

"लावते."

मग त्या खूप बोलल्या. धाकटी मधेच मोठ्यानं हसली, पूर्वीसारखी. कोणी जिन्यातून ऐकलं असतं तर म्हणालं असतं, किती सुखी घर आहे.

संध्याकाळी भाऊजी दुकानात एकटेच बसले होते. चिरलेलं कापड सोलून काढत होते. मी दारात उभी राहिले, तर मान वर न करता म्हणाले, "वहिनी, हे चिकटवलं त्या दिवशी तिनं सुईत दोरा स्वतः ओवला होता. पहिल्या खेपेत."

पुढे त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी धडधडीत खोटं बोलणार होते, तोंडात तयारच होतं. तिची नजर आधीच गेली होती, पहिल्याच दिवशी जमलं असतं तरी पोर दिसली नसती, असलं काहीतरी. पण त्यांनी विचारलं नाही.

धाकटी त्यानंतर फार दिवस नव्हती. शेवटी उजेडही गेला. पोरीला येता आलं नाही. कागद अजून व्हायचेच आहेत.

आता वायफाय उत्तम चालतं. पोरगी फोन करते, बापाला बघते, जेवलात का विचारते. कधी मलाही पुढे बोलावते, "काकू, जवळ या ना, अर्ध्याच दिसताय." परवा सहज म्हणाली, "बाबा, त्या मशीनला शेवटी झालं होतं तरी काय?"

भाऊजी म्हणाले, "ड्रायव्हर."

"म्हणजे मीच तुम्हाला आधी सगळे चुकीचे सांगत होते," ती म्हणाली. "तेवढे दिवस माझ्यामुळे गेले."

भाऊजींनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते मलाही कळलं नाही. पडदा मिटल्यावर मी बोलले, "सांगून टाका हो तिला. पोर उगाच मनाला लावून घेईल."

"सांगेन," ते म्हणाले. "यंत्रातून नको. ती आली की समोर बसवून सांगेन."

असं म्हणून ते उठले आणि अर्धं राहिलेलं पुस्तक पुढे ओढलं. शिलाई आता तेच करतात. टाके सरळ येतात. पण हात सारखा थांबतो, आणि सुईत दोरा ओवायला मला हाक मारतात.