खाकी शर्टातला पाव्हना

सलमाभाभींचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. धुळ्याला देवपुरात माझ्या मोठ्या भावाच्या, नानाच्या, घराला लागूनच त्यांचं घर. भिंतीला भिंत. "शालूताई, पोपट सकाळपासून ओरडतोय," त्या म्हणाल्या. मी जरा वैतागूनच म्हटलं, "अहो, मग नानाला सांगा. मला जळगावला फोन करून काय होणार?" मग त्या हळूच म्हणाल्या, "नाना उठत नाहीत, ताई..." गाळणी माझ्या हातातच राहिली. त्यांच्या मिस्टरांनी मागच्या दारानं आत जाऊन पाहिलं होतं. नाना झोपेतच गेला होता. अंगावरची चादरसुद्धा विस्कटलेली नव्हती. असं मरण भाग्यवंताला येतं, असं लोक म्हणतात. म्हणोत. मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. कुणाला काही न सांगता उठून जाणं हा नानाचा स्वभावच होता, त्यात भाग्य कसलं?

नाना बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होता. साक्रीची गाडी कुठल्या फलाटावर लागली, पिंपळनेरची किती उशिरा सुटणार, हे दिवसभर माईकवरून सांगायचं. आवाज असा खणखणीत की आमच्या पिंपळनेरची माणसं गाडीत बसता बसता कौतुकानं म्हणायची, हा आपला नाना बोलतोय. पण घरी आला की तोंडाला कुलूप. वहिनी होत्या तोवर त्याच्या वाटचंही त्याच बोलायच्या. त्या गेल्या, मुलगा दीपक नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि त्या घरात बोलणारं कुणी उरलंच नाही. मी फोन केला की "बरं शे" एवढंच ऐकू यायचं. ठेवू का, असं विचारलं की "ठेव." अशा माणसाची काळजी तरी कशी करायची?

पोपट आला तो वहिनी असतानाच. स्थानकाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली पडला होता, एक पंख लोंबत असलेलं पिल्लू. नानानं ते टोपीत घालून घरी आणलं. पोपट पिंजऱ्यात ठेवायचा नसतो, कायद्यानंही नाही, हे त्याला ठाऊक होतं. नियमाच्या बाहेर पाऊल न टाकणारा माणूस तो. पंख बरा झाला की सोडून द्यायचा, असं ठरलं होतं, म्हणून नावसुद्धा ठेवलं नाही. नुसतं 'पाव्हना' म्हणायचा. पंख जुळला, पण वाकडाच. वनखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला त्यानं तो दाखवलाही. हा आता रानात टिकायचा नाही, असं तो म्हणाला, आणि पाव्हना राहिला तो राहिलाच. वहिनी गेल्या, नाना निवृत्त झाला, घराला दोनदा रंग लागला, पाव्हना आपला तिथंच, खिडकीजवळच्या पिंजऱ्यात.

तो कधी बोलला नाही. शिकवला असता तर बोलला असता, कारण सलमाभाभींच्या कुकरच्या शिट्टीची नक्कल तो बेमालूम करायचा. पण नानानं एक शब्द शिकवला नाही. "पोपट पाळून मुका ठेवलास," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाला, "बोलाले लोके कमी शेत का? हाऊ गप बसस तेच बेस शे." माझ्याकडं बघूनच म्हणाला, हेही सांगायला हवं.

दोघांचे नेम मात्र ठरलेले. सकाळी भिजवलेले हरभरे आणि एक हिरवी मिरची. मिरची पाव्हना एका पायात धरून, देठाकडून सोलत, आतल्या बिया तेवढ्या मन लावून खायचा. सालपट खाली नानाच्या चपलेत. दुपारी नाना पिंजऱ्यासमोर पाट मांडून जेवायचा आणि त्याच वेळी पाव्हन्याच्या वाटीत पेरूची फोड, दोडक्याचा नाहीतर गाजराचा तुकडा पडायचा. उन्हाळ्यात परातीत पाणी. पाव्हना त्यात आधी चोच घालून बघायचा, मग मान, मग एकदम सगळा उतरून अशी काही फडफड करायचा की भिंतीवरचं कॅलेंडर ओलं. आणि दिवेलागणीला शर्ट. पिंजरा झाकायला नानानं आपला जुना खाकी शर्ट ठेवला होता, नोकरीतला. तो पिंजऱ्याला नेसवल्यासारखा घालायचा आणि पुढून एकेक गुंडी लावायची. मधली तेवढी उघडी ठेवायची. त्या फटीशी पाव्हना दांडीवरून सरकत सरकत यायचा, डोकं खाली घालायचा, मानेची पिसं फुलवायचा, आणि नाना फटीतून बोट घालून ती मान खाजवत बसायचा. कितीतरी वेळ. टीव्ही बंद, दिवा एकच. मी तिथं असले की मला अवघडल्यासारखं व्हायचं. हातातलं काम टाकून मी उगीच स्वयंपाकघरात जायची.

माझं आणि पाव्हन्याचं कधी जमलं नाही. जळगावहून येताना मी केळी आणायची, भरताची वांगी आणायची. केळ्याचा घास तो चोचीत घेऊन मान झटकून माझ्या साडीवर उडवायचा. वांग्याला तर नाना हातच लावू देत नसे, कच्चं वांगं त्याला बाधतं म्हणून. एकदा मी लाडानं बोट पुढं केलं, तर त्यानं बोटाची अशी चोचीत पक्कड घेतली की रक्त निघालं. "तुनं चुकनं," नाना हळद आणायला उठता उठता म्हणाला. "डोया दखाना ना त्याना." राग आला की पोपटाच्या डोळ्याची बाहुली बारीक-मोठी होते, ते बघून मगच हात घालायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. बहिणीच्या बोटापेक्षा त्याला पोपटाचा डोळा मोठा, असं मी रागानं बोलून गेले. नाना हसला. त्याचं हसणंही आवाज नसलेलं.

शेवटची भेट संक्रांतीनंतरची. तीळगूळ घेऊन गेले होते. नाना वाळलेला दिसला, पण विचारलं तर उत्तर ठरलेलंच. चहा झाल्यावर म्हणाला, "आज पाव्हनानं बठ्ठं तू कर." पाव्हन्याचं सगळं मी करायचं. मी म्हटलं, "का, तुझ्या हाताला काय झालं?" तो खुर्चीत बसून राहिला आणि मला एकेक सांगत गेला. हरभरे कालचे असतील तर टाकून दे. पाण्याची वाटी राखेनं घास, साबण नको. कडुनिंबाची नवी फांदी बांध, चोच घासायला लागते. मीठ लावलेलं काही नको, चहाचं बोट नको. "सीताफळनी बी चुकीसन बी देऊ नको." मी चिडले. म्हटलं, "नाना, माझी परीक्षा आहे का आज?" तो म्हणाला, "तुना हातनी कर, मी देखस." संध्याकाळी शर्टाच्या गुंड्याही माझ्याकडूनच लावून घेतल्या. मी सवयीनं सगळ्या लावल्या, तर उठून आला आणि मधली स्वतः काढली. बस स्टॉपपर्यंत पोचवायला आला, हे मात्र नेहमीचं नव्हतं. गाडी लागली तेव्हा म्हणाला, "तो एकला खात नही, शालू. त्याना समोर बशीसन जेवनं पडस." मी खिडकीतून 'हो हो' म्हटलं आणि गाडी निघाली.

गेला त्या दिवशी दुपारी मी धुळ्याला पोचले. पुण्याहून दीपक आला, पिंपळनेरहून चुलतभाऊ आबा आणि बाकीची मंडळी आली. घर माणसांनी भरलं. पोपट एव्हाना ओरडून ओरडून गप्प झाला होता. पिंजऱ्यावर शर्ट होता, आणि तो कुणीतरी मुद्दाम झाकलाय, घरात मयत आहे म्हणून, असं प्रत्येकानं धरलं. सलमाभाभींना वाटलं, मी झाकला. मला वाटलं, आबांनी. आबांना वाटलं, धुळ्याकडची काही रीत असेल. पुरुष मंडळी अंघोळी करून परत आली, दिवे लागले, आणि मग माझ्या एकदम ध्यानात आलं की हा शर्ट कुणीच घातलेला नाही. तो काल संध्याकाळी नानानं घातलेला आहे, आणि सकाळी काढणारा उठलाच नाही. मी जाऊन पाहिलं. मधली गुंडी उघडी. पाव्हना त्या फटीशी मान खाली घालून बसला होता, वाटीत पाण्याचा थेंब नव्हता. दिवसभर त्या घरात इतकी रडारड झाली, मी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. त्या गुंड्या काढताना मात्र मला काही दिसेना. सलमाभाभींनी माझा हात बाजूला करून उरलेल्या काढल्या.

दहाव्याला पांझरेच्या काठी पिंड ठेवले. कावळे झाडावर होते, खाली येईनात. दीपकनं हात जोडून काय काय सांगितलं: घर विकणार नाही, आत्याला अंतर देणार नाही. कावळे तिथंच. ऊन चढलं. मग आबा म्हणाले, "त्याना जीव त्या पोपटमा अडकेल शे. सोडी द्या त्याले, मंग शिवी कावळा." चारजणांनी माना डोलावल्या. पिंजऱ्यातला जीव मोकळा केला की गेलेलाही मोकळा होतो, पुण्यही लागतं. आबा वाईट माणूस नव्हे. नानासोबत नदीत पोहायला शिकलेला माणूस, त्याचेही डोळे भरलेले होते. मी म्हटलं, "आबा, त्याले उडता येत नही. मांजर खाई जाई त्याले."

"पंख शेत ना? मंग उडी तो."

"पंख वाकडा शे. तुम्हले ठाऊक शे."

दीपक मधेच म्हणाला, "आत्या, बाबांसाठी म्हणून..." आणि मी सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडले. म्हटलं, बाबांसाठीच सांगते आहे. मी लई जासू त्याले जळगावले, कोनी हात लावानं नही. आबांचाही आवाज चढला. नदीकाठी सुतकातली माणसं पोपटावरून भांडत होतो, आणि आमचं हे चाललेलं असतानाच मागून कुणीतरी म्हणालं, शिवला. वळून बघेपर्यंत कावळा पिंडावर चोच मारून उडालासुद्धा. माझ्या बोलण्यावर शिवला की आबांच्या, हे कुणालाच सांगता येईना. आबा आजही म्हणतात, सोडतो म्हटलं म्हणून शिवला, आणि तुम्ही सोडला नाही. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण कधी दुपारी घरात एकटी असले की वाटतं, त्यांचं खरं असलं तर? मग नाना कुठं अडकून बसला असेल?

पिंजरा मांडीवर घेऊन मी जळगावला आणला. मेहरूण भागातल्या माझ्या घरी खिडकी तशीच पूर्वेची, पण पाव्हन्यानं तिकडं तोंड केलं नाही. मिरचीला तोंड लावेना. वाटीतले हरभरे तसेच फुगून आंबायचे. मग तो छातीवरची पिसं उपटायला लागला. सकाळी शर्ट काढला की तळाशी हिरवी पिसं आणि मधे गुलाबी उघडी कातडी. डॉक्टरांकडं नेला. त्यांनी नख्या पाहिल्या, पंख पाहिला, वजन केलं आणि म्हणाले, आजार काही नाही, माणूस बदललं ना... वेळ द्या. वेळ किती, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मला रोज सकाळी शर्टाच्या गुंड्यांना हात लावायची धास्ती वाटायची. नानाची एवढी एकच गोष्ट माझ्याकडं होती आणि ती माझ्या घरात मरायला टेकली होती.

एका दुपारी मला स्वयंपाकघरात जेवायचा कंटाळा आला. भाकरी, ठेचा ताटलीत घेऊन मी पिंजऱ्यासमोर फरशीवर बसले. दोन घास खाल्ले आणि वर कुरकुर ऐकू आली. पाव्हना दांडीवरून उतरून वाटीशी आला होता. मी घास तोंडात घातला की तो चोच वाटीत घालायचा. मी थांबले की थांबायचा. बसच्या खिडकीतून मी ज्याला 'हो हो' म्हणून मोकळी झाले होते, ते नानाचं वाक्य मला तेव्हा ऐकू आलं. संक्रांतीनंतरचा तो सगळा दिवस समोर उभा राहिला. त्याला कळलेलं होतं. त्यानं पाव्हना त्याच दिवशी माझ्या हाती दिला होता, आणि आम्ही नदीवर कावळ्याला विचारत बसलो. ठसका लागेपर्यंत मी भाकरी खात राहिले, कारण तो खात होता. आणि वहिनी गेल्यावर इतकी वर्षं नाना तिथं पाट मांडून कुणासाठी जेवत होता, हेही मला त्या दिवशी कळलं. दोघांपैकी कोण कुणाला जेवू घालत होतं, देव जाणे.

आता तो खातो. पिसं उपटणं कमी झालंय, थांबलेलं नाही. फाल्गुन संपत आला, ऊन तापायला लागलंय. परवा परातीत पाणी ठेवलं, त्यानं चोच बुडवून पाहिली आणि परत वर गेला. दिवेलागणीला मी शर्ट घालते. कॉलर झिजली आहे, खिशावर शाईचा जुना डाग आहे, धुतला तरी गेला नाही. गुंड्या लावते, मधली सोडते. पाव्हना सरकत सरकत फटीशी येतो, डोकं खाली घालतो, मानेची पिसं फुलवतो. मी त्याचा डोळा बघते, मग बोट आत घालते. बोट लागलं की तो डोकं वर करतो. चावत नाही आता. क्षणभर बोटाकडं बघतो, जरासा मागं सरतो, आणि मी बोट काढून घेतलं की पुन्हा फटीशी येऊन तशीच मान खाली घालून बसतो. तो वाट बघतोय, हे मला दिसतं. माझी नाही.

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसते. टीव्ही लावत नाही.