डायरीत नसलेला रकाना

"खोका," सर म्हणाले.

मी खोकले.

"असं नाही. घरी खोकता तसं खोका."

अंगात हॉस्पिटलचा गाऊन, मागून उघडा. पायाखाली रबरी चादर. लघवीच्या जागेतून आत गेलेली बारीक नळी. तिच्यातून माझ्या लघवीच्या पिशवीत पाणी भरत होते आणि शेजारच्या मशीनवर एक रेघ वर चढत होती. समोर डॉक्टरकीचे अकरा विद्यार्थी. मी मोजले. घाबरले की मी मोजते. सात मुलं, चार मुली, सगळे माझ्याच वयाचे. पडदा होता, पण बाजूला सारलेला.

तिसऱ्यांदा खोकले आणि मांडीवरून गरम धार खाली गेली. चादरीवर टप टप वाजलं. सरांनी पेनानं तिकडं दाखवलं. माझ्याकडं नाही, तिकडं.

"क्लासिक," म्हणाले. अकरा जणांनी वाकून पाहिलं.

मी नकला करते. करमाळ्याला शाळेत हेडमास्तरांची नक्कल केली म्हणून तासभर वर्गाबाहेर उभी होते, आणि गॅदरिंगला त्याच हेडमास्तरांनी तीच नक्कल पुन्हा करायला लावली. पुण्यात आल्यावर पण चालू. आमच्या कपडे बदलायच्या खोलीत मी लिफ्टमधली मजले सांगणारी बाई करते, मॅनेजर करते, सुपरवायझर करते. बाया पोट धरून हसतात. मी हसत नाही. हसले की गळते. दीड वर्ष झालं, लोकांना हसवायचं आणि आपण पाय आवळून उभं राहायचं, असा माझा कार्यक्रम आहे.

काम हिंजवडीला. काचेची बिल्डिंग, पाचवा मजला, लेडीज टॉयलेट. सहा दारं. दर तासाला पुसायचं. बाहेरच्या दारामागं एक तक्ता लावलेला असतो: वेळ, काम, सही. दिवसातून नऊ वेळा मी तिथं सही करते. बारावीला एवढ्या वेळा वही उघडली असती तर कलेक्टर झाले असते.

ते टॉयलेट आम्ही वापरायचं नाही. असं कुठं लिहिलेलं नाही. पहिल्या दिवशी सांगतात, एकदाच, आणि आवाज बारीक करून सांगतात. आमचं खाली, पार्किंगच्या मागं. त्याला कुलूप. किल्ली सुपरवायझरच्या कमरेला. लागली की लिफ्टनं नाही, जिन्यानं पाच मजले उतरायचं, त्याला शोधायचं आणि चार वॉचमनच्या देखत किल्ली मागायची.

"मघाशी गेल्तीस की," तो म्हणतो. "टाकी हाय का काय?"

वॉचमन हसतात. मग मी मागणं बंद केलं. म्हणजे पाणी बंद केलं. सकाळी वारज्याला खोलीवर अर्धा कप चहा, तेवढाच. संध्याकाळपर्यंत तोंड कोरडं. कितीही रोखलं तरी नंतर नंतर असं व्हायला लागलं की त्याच्या कमरेचा जुडगा नुसता वाजला तरी थेंब सुटायचे. किल्ली दुसऱ्या कुणाची असली तरी. खोलीचं कुलूप माझ्याच हातानं उघडताना सुद्धा.

एकदा वरच झालं. मीटिंग रूमच्या बाहेर, गालिच्यावर. आतून माणसं उठल्याचा आवाज आला. मी हातातली फिनेलची बादलीच ओतली. बादली सांडली म्हणून शिव्या खाल्ल्या आणि जिन्यात जाऊन बसले. पुढच्या वेळी हातात बादली नसेल. त्या दिवशी सगळ्या मजल्याला कळेल, आणि मग मी नकला करणारी राहणार नाही. माझी नक्कल होईल.

त्या भीतीनं मी हॉस्पिटलात गेले. तिथं बायकांची लघवी थांबत नाही त्यावर संशोधन चालू होतं. नुसत्या व्यायामानं जास्त फरक पडतो की व्यायाम आणि गोळीनं, ते बघायचं होतं. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठीवर. तपासण्या, औषध सगळं फुकट. एक शिकाऊ डॉक्टर मॅडम होत्या, त्यांनी समजावून सांगितलं आणि चार पानी संमतीपत्र हातात दिलं. मी ते बातम्यांच्या आवाजात वाचून दाखवलं. मॅडम हसल्या. म्हणाल्या, एवढं सगळं वाचणारी तू पहिलीच. त्यातली दोन वाक्यं माझ्या डोक्यात राहिली. आपला खासगीपणा जपला जाईल. आपण कोणत्याही टप्प्यावर नकार देऊ शकता. मला वाटलं, तिकिटाच्या मागं बारीक अक्षरात छापतात तसलं असेल.

मग डायरी दिली. तीन दिवस भरायची. काय प्यालात, किती वाजता गेलात, मापाच्या मगात किती झाली, गळती झाली का. तक्ते भरायची मला सवय आहे. मी खरं खरं भरलं. मापाचा मग पिशवीत डब्याखाली लपवून कामावर नेला. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, एकदा. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी एकदा.

तीच डायरी आता सरांच्या हातात होती आणि मी ओल्या पायांनी उभी होते. नळी आतच.

सर विद्यार्थ्यांशी इंग्रजीत बोलायला लागले. पाचव्या मजल्याच्या नकला करता करता मला इंग्रजी कळायला लागलंय, हे त्यांना काय माहीत. ते म्हणाले, हिचं काम बघा, हाउसकीपिंग. दिवसभर टॉयलेटं साफ करते आणि लिहिते की मी एकदाच गेले. या बायका बाहेर बाकावर बसून पाच मिनिटांत तिन्ही दिवसांची डायरी भरतात. असल्या आकड्यांवर आपलं संशोधन उभं राहतं, लक्षात ठेवा.

मग माझ्याकडं वळले. चष्म्याच्या वरून बघत, एकदम शुद्ध मराठीत.

"आं, अहो ताई, दिवसभर टॉयलेटमध्येच असता आणि जायला मिळत नाही म्हणता. कमाल आहे. आम्ही काय समजायचं?"

हसले सगळे. एक मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. तो हशा मला ओळखीचा होता. रोज मीच तो काढते, आमच्या खोलीत. माझ्या अंगावर कधी आला नव्हता.

मी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी मशीनकडं पाहिलं.

इथं मी धाडसी होते असं कुणी समजू नये. माझी दातखीळ बसायची वेळ आली होती. बोलले तर काढून टाकतील. औषध जाईल. पुन्हा तो गालिचा, तो जिना. आणि नळीचं दुसरं टोक यांच्याच हातात. पण फार घाबरले की माझं तोंड माझं ऐकत नाही. ते समोरच्याचं होतं.

"आं," माझ्या तोंडातून आलं. "अहो ताई, दिवसभर टॉयलेटमध्येच असता आणि जायला मिळत नाही म्हणता. कमाल आहे. आम्ही काय समजायचं?"

नाकातला सूर, मान तिरपी, चष्म्याच्या वरून बघणं. मला चष्मा नाही, तरी. मागचा एक मुलगा फिसकन हसला. मग त्याला कळलं, आपण कुणाला हसलो.

मग माझा आवाज आला.

"पुढचं माझं आहे, सर. ते टॉयलेट मी पुसते. मला वापरायला बंदी आहे. डायरी खरी आहे. किती वेळा गेलात, एवढंच तुम्ही विचारलंत. किती वेळा जाऊ दिलं नाही, ते विचारलंच नाही."

मी पडद्याकडं बोट केलं.

"आता पडदा लावा आणि यांना बाहेर पाठवा. मी नकार देऊ शकते, असं तुमच्याच कागदावर आहे. देतेय."

ओरडले असते तर बरं झालं असतं. सर हळू आवाजात म्हणाले, "छान. नाटकात काम करा." मॅडमना इंग्रजीत सांगितलं, हिचं नाव काढून टाक, भरवशाची नाही. गेले. त्यांच्या मागं अकरा जण गेले. तोंडावर हात ठेवून हसलेली मुलगी शेवटी होती. जाताना तिनं पडदा ओढला.

मॅडमनी नळी काढली. त्या म्हणाल्या, असं बोलायला नको होतं. मी विचारलं, कुणी? त्यांनी मशीनचं बटण बंद केलं. गाऊन बदलून आले तेव्हा त्यांनी कोरी डायरी पुढं केली. म्हणाल्या, आणखी तीन दिवस नीट भरून आण, मी प्रयत्न करते, खात्री देत नाही.

नीट.

बसमध्ये ओढणीची चौपदरी घडी करून तिच्यावर बसले. ती सवयच आहे. खोलीवर आल्यावर डब्याच्या झाकणाची कड धरून डायरीत एक रेघ जास्त मारली. नवा रकाना. वर लिहिलं: लागली होती, जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना बाटलीभर पाणी प्याले. दीड वर्षात पहिल्यांदा. ते पिताना सुद्धा भीती वाटत होती, विष पितेय अशी.

अकरा वाजता कळ आली. खाली जाऊन मागितली किल्ली. तो मोबाईलवर बोलत होता, हातानंच नाही म्हणाला. वर आले. नव्या रकान्यात पहिली नोंद केली. मग सहा दारांसमोर उभी राहिले. नुकतीच पुसलेली. तिसऱ्या दारात शिरले आणि आतून कडी लावली.

बसले, तर होईना. बाहेर सँडल वाजल्या, नळ सुरू झाला, मी श्वास धरला. माझं शरीर सुद्धा म्हणत होतं, हे तुझं नाही. बऱ्याच वेळानं झाली. मगात मापली. बाहेर आले तर गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मॅडम समोर. तिनं माझा युनिफॉर्म बघितला, मग तिसरं दार बघितलं, आणि पाचव्यात गेली.

मी हात धुतले. तो साबण रोज मीच भरते.

दारामागच्या तक्त्यावर वेळ टाकली. कामाच्या रकान्यात रोज लिहिते, स्वच्छता. आज लिहिलं, वापर. सही केली. नुसतं नाव नाही, आडनावासकट.

संध्याकाळी पाचला सुपरवायझर त्या तक्त्याचा फोटो काढतो. आत्ता पाच झालेत, जिन्यात किल्ल्या वाजतायत, मला ऐकू येतायत, आणि थेंब सुटतायत. सुटू दे. तो विचारेल, हे काय लिहिलंय. त्याची नक्कल मला चांगली येते, पण आज करणार नाही. उत्तर माझ्या आवाजात देणार. उद्या सकाळी परत बाटलीभर पाणी पिणार आणि परत तिसऱ्या दारात जाणार. सही परत तिथंच करणार. तक्ता फाडला तर भिंतीवर करणार.