धाकटीने न शिवलेला कोट

आमची धाकटी शिवणकाम करते. दुकान म्हणजे एकच खोली. पुढे मशीन, मागे पडद्याआड खाट, स्टोव्ह आणि दोन ताटं. एकटीला दुसरं ताट कशाला म्हणून विचारलं, तर म्हणे, कोणी आलं तर! फ्रिज नाही, टीव्ही नाही, फोन तोही बटणांचा. मी थोरली बहीण, मी बोलणारच. "अगं, जरा चार माणसांसारखी राहा!" ती दाताने दोरा तोडत हसायची. डोकं फिरायचं माझं.

माझ्या लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा कोटाचं माप द्यायला होणाऱ्या जावयाला मी तिच्याकडेच नेलं. मुलगा देखणा, बोलायला गोड, स्वतःचा कारखाना. आल्या आल्या म्हणाला, "मावशी, यापुढे आमच्या कामगारांचे सगळे गणवेश तुमच्याकडेच." मी मनात म्हटलं, चला, हिचंही भलं झालं. त्याची कॉलेजातली बहीण सोबत आली होती. ती मुकाट्याने त्याच्या शेजारी स्टुलावर बसली.

धाकटीने टेप काढली. "हात वर करा," म्हणाली. त्याने केला. माप झालं, चहा झाला, मंडळी गेली. आणि ही बया मला म्हणते, "ताई, हा कोट मी शिवणार नाही. गणवेशही नकोत. पोरीला तिथे देऊ नकोस."

"का? काय झालं?"

"त्याने हात वर केला, तसं त्याच्या बहिणीने डोकं खाली घेऊन अंग चोरलं."

"माशी आली असेल एखादी!"

"माशी नव्हती. मी नीट बघितलंय, ताई."

मी भडकले. "तू बघितलंस म्हणून लग्न मोडू? लोकांना काय सांगू? तुला काय, ना कोणाला विचारायचं, ना कोणाला तोंड दाखवायचं!"

"खरंय," ती म्हणाली. "मला कोणाकडून काही नकोय, म्हणून तर बोलता येतं."

तणतणत घरी आले, पण चैन पडेना. लेक त्याच्याबरोबर फिरायला जायची, सुरुवातीला हसत परत यायची. मग हसणं कमी झालं. फोन वाजला की दचकायची. भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालायला लागली. मी स्वतःलाच समजावत होते, लग्नाआधी पोरी होतात हळव्या, दुसरं काय!

परवा दुपारी ती स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. तिच्या डोक्यावरच्या फळीवरून साखरेचा डबा काढायला मी हात वर केला. तिने डोकं खाली घेऊन अंग चोरलं.

माझा हात तसाच वर राहिला. तिला काही विचारायचीही हिंमत होईना. "चपला घाल," एवढंच म्हटलं.

धाकटीच्या दुकानात कोटाचं कापड घडी न मोडता फळीवर होतं. तिने खाटेवर जागा करून दिली. लेक बसली, रडली आणि सगळं बोलली. मांडीवरचा फोन वाजत होता, तो मध्येच थांबला. थोड्याच वेळात त्याची गाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली. ती कुठे आहे हे त्याला नेहमी कळायचं. तिच्या फोनमध्ये तशी सोय त्यानेच करून ठेवली होती.

तो हसतच आला. "आई, हिला न्यायला आलोय."

मी दार अडवून उभी राहिले. माझ्या जिभेला सगळी गल्ली टरकून असते. "लग्न मोडलं," मी म्हटलं. "पुन्हा इकडे फिरकलास तर बघ! पोलिसांत देईन, चारचौघांत तुझी लाज काढीन."

त्याचं हसू गेलं. तो वळला आणि गाडीकडे गेला.

गाडीत त्याची बहीण होती. तो आत बसला, आरसा नीट करायला त्याने हात वर केला आणि काचेआड तिचं डोकं खाली गेलं.

मी दार लोटायला लागले. सुटलो बाई एकदाचे! धाकटी मला बाजूला सारून अनवाणीच रस्त्यावर गेली. तिने पलीकडचं दार उघडलं आणि हात खालूनच पुढे केला.

"ये," म्हणाली.

पोरीने भावाकडे बघितलं. त्याने गाडी सुरू केली. धाकटीने दार सोडलं नाही.