मालकाच्या हातचं पहिलं पाणी

पिपरी मेघेतल्या आमच्या घराला मागं बाथरूम वाढवलं, तेव्हा जुन्या लोखंडी पाइपाला नवा प्लास्टिकचा पाइप जोडायला एक प्लंबर आला. गंजलेल्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून त्यानं सांधा आवळला. पण पाणी स्वतः सुरू करायचं नाही, हा त्याचा नेम. "मालकाच्याच हातानं सोडा पहिलं पाणी, काकाजी. शुभ राह्यते."

मला बरं वाटलं. नारळ फोडून मी कॉक फिरवला. सांधा निसटला आणि मी डोक्यापासून भिजलो. तो दाराबाहेर कोरडा उभा होता. "काऊन इतक्या जोरात फिरवला? हात जड हाय तुमचा."

शेजारच्या दोन घरांतही मालकांचेच हात जड निघाले होते, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांधा पुन्हा जोडून मला हाक मारली. मी दारातूनच म्हटलं, "भाऊ, माझा हात जड. तुमच्या हलक्या हातानं होऊ द्या."

त्यानं सांध्याकडे पाहिलं. मग खिशातला मोबाइल त्यानं माझ्याकडे दिला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कॉकला हात घातला.