सोमवार सोडून रोज

आमच्या शाळेत वाढदिवसाला युनिफॉर्मची सुट्टी असते. मूल कलर ड्रेस घालून येतं, एक मित्र किंवा मैत्रीण निवडतं आणि चॉकलेटचा डबा घेऊन सगळ्या वर्गांत फिरतं. शिक्षकांना चॉकलेट द्यायचं, वर्गाने एका सुरात 'हॅपी बर्थडे' ओरडायचं, की पुढचा वर्ग. मुलं याला राउंड म्हणतात. संध्याकाळचा केक राहिला तरी चालेल, राउंड राहून चालत नाही.

मी अशाच शाळेत शिकले, पण पाचवीनंतर वाढदिवसाला युनिफॉर्मच घालून गेले. आता मोठ्या वर्गात कोणी कलर ड्रेस घालत नाही, असं आईला सांगायचे. एवढ्या जणांनी एकदम आपल्याकडे बघावं, हे मला झेपत नसे. आता वारज्यातल्या एका इंग्रजी शाळेत मी तिसरीच्या वर्गावर मदतनीस शिक्षिका आहे. मुख्य बाई फळ्यापाशी असतात, मी मागच्या बाकांपाशी. मला ते बरं पडतं.

गेल्या श्रावणात एका सोमवारी आमच्या वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस होता. सकाळी भुरभुर होती म्हणून ती रेनकोट घालून आली. वर्गात येऊन तो काढला तर आत पिवळा टी-शर्ट. त्यावर छातीभर मोठ्या अक्षरांत 'सोमवार सोडून रोज मटण', आणि खाली रश्शाच्या वाटीचं चित्र.

"मिस, पप्पांनी छापून आणला. बिबवेवाडीहून," ती म्हणाली. तिचे वडील नागपूरकडचे. चाकणच्या कारखान्यात नोकरीला आहेत.

मुख्य बाईंना हसू आलं. तेवढ्यात प्रिन्सिपल मॅडम दारावरून जात होत्या, त्या थांबल्या आणि आम्हा दोघींना बाहेर बोलावलं.

"श्रावण आहे, त्यात सोमवार. डब्यात अंडं चालत नाही आपल्याकडे, आणि ही मटण मिरवत शाळाभर फिरणार?"

"पण आज सोमवार," मुख्य बाई म्हणाल्या. "म्हणजे शर्टाप्रमाणे आज ती शाकाहारी आहे. तक्रार कसली करणार?"

"हा विनोद तुम्ही पालकांच्या ग्रुपवर टाका. कोण कोण हसतंय ते मी बघते."

प्रिन्सिपल मॅडम काही वाईट नव्हत्या. मागे एका मुलाच्या डब्यातल्या ऑम्लेटवरून दोन पालक त्यांच्या ऑफिसात येऊन भांडले होते, आणि त्यांना ते परत नको होतं. मुलीच्या घरी फोन लावला, कोणी उचलला नाही. टी-शर्ट उलटा घाल म्हटलं तर तिने तो दोन्ही मुठींत धरून ठेवला.

"मग राउंड नाही हं, बाळा," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या.

ती रडली नाही. शेजारी तिचा मित्र डबा घेऊन तयार उभा होता, त्याच्याकडे बघत राहिली.

मी म्हणाले, "रेनकोट घालून जाऊ दे ना."

झाकायचं कसं, हे मला चटकन सुचतं. प्रिन्सिपल मॅडमना एकदम सुटल्यासारखं झालं. "हे छान. आणि आत काय आहे ते कोणाला सांगायचं नाही हं." मीच तिच्या रेनकोटची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि राउंडला त्या दोघांबरोबर गेले.

तोवर बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. पहिल्याच वर्गात कोणीतरी विचारलं, "रेनकोट का घातलाय?" तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "पाऊस येणारे." वर्ग हसला. पुढच्या वर्गात परत तेच. त्याच्या पुढे ती माझ्याकडे बघेनाशी झाली. कोणी विचारायच्या आधीच दारातून सांगायची, "पाऊस येणारे, म्हणून." आवाज अगदी सरळ. केस कपाळाला चिकटले होते.

तिच्या मित्राच्या घरी कांदा-लसूणही खात नाहीत. शाळेला ज्यांना काही वाटेल अशी भीती होती, त्यांतलाच तो. जिन्यात त्याने हळूच म्हटलं, "एकदा उघड ना. मला ती वाटी नीट बघायचीये."

"नको. मिसना ते घाण वाटतं."

मिस म्हणजे मी. असं मी म्हणाले नव्हते. पण बटणं मीच लावली होती. तिथेच काहीतरी बोलायला हवं होतं, पण वरून मोठ्या मुलांची रांग उतरत होती आणि आम्ही भिंतीला सरकलो.

शाळा सुटल्यावर तिचे वडील न्यायला आले. ती अजून रेनकोटातच होती.

"पाऊस आला होता का इकडे?"

"हो."

"अन् टी-शर्ट? आवडला का सगळ्यायले?"

"हो, खूप."

तिने मान वर केली नाही. त्यांनी गाडीची किल्ली काढली. त्या क्षणी मी गप्प राहिले असते तर दिवस नीट संपला असता. दारात इतर पालक होते आणि मला चारचौघांत बोलायचा मनापासून कंटाळा आहे. तरी मी पुढे झाले.

"टी-शर्ट आमच्या वर्गाबाहेर कोणी पाहिला नाही. आम्हीच झाकायला सांगितला. रेनकोट घाल, हे मी सुचवलं."

"काऊन?"

"मटण लिहिलंय म्हणून. श्रावणात कोणाला तरी वाईट वाटेल, असं शाळेला वाटलं."

त्यांनी किल्ली परत खिशात टाकली. "म्हणून तर 'सोमवार सोडून' लिहून घेतलं ना, मॅडम. छापणारा नुसतं 'रोज मटण' म्हणत होता. म्या म्हटलं, शाळेत घालणार हाय पोरगी, कोणाले वाईट नको वाटाले." मग आवाज उतरवून म्हणाले, "आमी काही घाण खातो काय?"

"नाही," मी म्हणाले. त्यांच्याकडे नाही, तिच्याकडे बघून. "घाण काही नाही त्यात. मलाही तसं वाटत नाही."

माझा आवाज नको इतका मोठा आला. दोन-तीन पालक वळून बघू लागले.

"सकाळी फोन कराचा होता," ते म्हणाले.

"केला होता. कोणी उचलला नाही."

"शिफ्टमध्ये फोन लॉकरात राहते." ते रागावलेले होतेच. पण गाडीकडे न जाता खाली बसले आणि तिच्या रेनकोटचं वरचं बटण काढू लागले. ते घामाने ओलं, घट्ट बसलं होतं.

"मला लई गरम होऊन राहिलं होतं, पप्पा," ती म्हणाली, आणि तेव्हा रडली.