कळ येण्याआधी

खरवसाचा वास आला की भूमजवळचा आमचा गोठा आठवतो. काकूने माहेरून आणलेली काळी शेळी पहिल्यांदाच वीत होती. करडाचे ओले खूर तेवढे दिसत होते. "अवो, वढू नगा, कळ येऊ द्या तिला," काकू विनवत होती. बाजाराला निघालेले काका म्हणाले, "एसटी काय तुझ्या शेळीसाठी थांबतीय व्हय?" आणि त्यांनी करडू ओढले. करडू जगले, शेळी रक्तस्रावाने गेली. तिचे अंग निवण्याआधी काकूने सडांतला कोमट चीक पिळून करडाला पाजला. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला, तरी काका ओल्या हातांनी उंबऱ्यावर बसूनच राहिले. आता वर्गात 'रॅश' या इंग्रजी शब्दाचे अर्थ मी फळ्यावर लिहिते: उतावळा, अविचारी, बेपर्वा. शेवटच्या अर्थाशी खडू थबकतो. बेपर्वा काका नव्हते.