वाढत्या अंगाची बंदूक

विश्वनाथ जगदाळ्यांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट मापात घेतली नाही. लेकीला शाळेचा ब्लेझर घेतला तो बोटांच्या टोकांपर्यंत आला. सायकल घेतली तिच्या पेडलपर्यंत लेकीचे पाय पोचायला वर्ष गेलं. गमबूट घेतले त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबल्याशिवाय पोरीला चालता येईना. हॅमिल्टनमध्ये घर घेतलं तेही चार बेडरूमचं, आणि राहणारी माणसं तीन. कुणी टोकलंच तर उत्तर तयार असे, "वाढत्या अंगाचं घ्यावं. मागाहून हळहळायला नको."

यात चिकटपणा होता असं कुणी म्हणेल, आणि थोडा होताही, उगाच कशाला झाका. पण साताऱ्याच्या ज्या घरात विश्वनाथ वाढले तिथे बापाने मुलाला जवळ घेऊन कुरवाळायची पद्धत नव्हती. चड्डी चार बोटं मोठी शिवून आणायची आणि करगोट्यात खोचून द्यायची, एवढ्यातच 'तू मोठा होणार आहेस' हे सांगून झालेलं असे. माया करायची ही एकच रीत त्यांना ठाऊक होती. ते बिचारे तीच करत राहिले.

न्यूझीलंडला ते शिकायला म्हणून आले आणि मग दूधधंद्यातल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये चिकटले. बायको कल्याणी हॉस्पिटलात नर्स. मुलगी ऋग्वेदा, घरातली वेदू, आली तेव्हा चार-पाच वर्षांची होती, बापाच्या खांद्यावरून खाली उतरायला तयार नसायची. दोन हजार सात साली ती चौदाची झाली आणि तिने बोलणंच बंद केलं. भांडण वगैरे काही नाही. जेवलीस का, तर "येप". शाळा कशी झाली, तर "गुड". ती खोलीत गेली की दार लागायचं आणि विश्वनाथ बंद दाराकडे बघत उभे राहायचे, हातात सोललेलं संत्रं घेऊन.

अशी ती पोर फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आपण होऊन त्यांच्याजवळ येऊन बसली. "बाबा, हॉलीचा डॅड तिला डक शूटिंगला नेतोय, मेमध्ये, ओपनिंगला. मला पण जायचंय. पण एव्हरी किडला लायसन्सवाला अ‍ॅडल्ट लागतो." मग जरा थांबून म्हणाली, "तू येशील?"

शूटिंग म्हणजे नेमकं काय, बदकं कुठली, बंदूक कुणाची, यातलं काही कळायच्या आत विश्वनाथांनी "हो" म्हणून टाकलं. 'तू येशील' एवढंच त्यांना ऐकू आलं होतं.

मग त्यांनी परवान्याचा वर्ग केला. शेतावरच्या दांडग्या तरुण पोरांच्या रांगेत चष्मा लावून बसले आणि परीक्षा पास झाले. पोलिसांकडून एक बाई घरी आल्या, बंदूक ठेवायचं कुलपी कपाट पाहिलं, आणि कल्याणीला बाजूला घेऊन विचारलं की नवऱ्याच्या हातात बंदूक आली तर तुम्हाला काही भीती? कल्याणी म्हणाली, "बाई, घरात झुरळ निघालं तरी हे मला हाक मारतात." परवाना मिळाला.

बंदूक घ्यायला बापलेक दोघं दुकानात गेले. दुकानदार मरे हा पिकल्या दाढीचा, हळू बोलणारा माणूस. त्याने वेदूला एकवार खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कपाटातून वीस बोरची एक बंदूक काढली. हलकी, आखूड दस्त्याची, खास मुलांसाठी बनवलेली. वेदूने ती उचलली तेव्हा दस्ता अलगद खांद्याच्या खळग्याजवळ आला आणि तिचा गाल लाकडावर टेकला.

विश्वनाथांची नजर मात्र शेजारच्या बारा बोरवर गेली होती. बोरचा आकडा जितका लहान, तितकी नळी रुंद आणि बार मोठा. लांब नळी, मोठ्या पुरुषाच्या मापाचा दस्ता, वर पॉलिश असं की तोंड दिसावं. "ही दोन वर्षांत लहान होईल गं," ते आखूड बंदुकीकडे बघून म्हणाले. "आणि बारा बोर जन्मभर पुरेल."

मरेने समजावून पाहिलं. लांब दस्ता खांद्यात नीट बसत नाही, दंडावर सरकतो, आणि मग बाराचा धक्का सगळा हाडावर येतो. शिवाय पाण्याजवळ बारा बोरला शिशाचे छर्रे आता चालत नाहीत, पोलादाचे लागतात, त्यात ही तीन इंची, जादा दारूची मॅग्नम काडतुसं तर मोठ्या माणसालाही हिसका देतात. विश्वनाथ म्हणाले, "शी विल ग्रो." मरे म्हणाला, वाढतात, सगळीच पोरं वाढतात, पण बदकांचा हंगाम याच मेमध्ये उघडतो. यावर विश्वनाथ हसले आणि त्यांनी बारा बोरचीच घेतली, काडतुसंही तीन इंचीच. वेदूने हातातली आखूड बंदूक काउंटरवर ठेवली. बाबाचा चेहरा फुललेला होता. "इट्स सो कूल, बाबा," ती म्हणाली.

त्यानंतरचे रविवार विश्वनाथांच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे रविवार होते. वेदूच्या मैत्रिणीचं, हॉलीचं शेत गावाबाहेर बरंच लांब. सकाळी गवतावर धुकं असायचं, गाडीत हीटर लावलेला, आणि शेजारी बसलेली वेदू बोलायची! शाळेत तिच्या नावाची काय वाट लावतात ते, गणिताच्या मास्तरांचे केस खरे नाहीत ते, हॉली कुणावर भाळली आहे ते. "डोन्ट टेल आई, हं." विश्वनाथ मुद्दाम गाडी हळू चालवायचे. मागून एखाद्या ट्रकने हॉर्न दिला तरी त्यांना त्याचं काही वाटत नसे.

शेतावर मात्र गाडं रुळावर येईना. यंत्रातून मातीच्या तबकड्या उडायच्या, हॉली तिच्या जुन्या आखूड बंदुकीने त्या फोडायची, आणि वेदूचा बार हवेत जायचा. पहिल्या दिवशी धक्क्याने ती एक पाऊल मागे गेली आणि खळखळून हसली. पुढच्या रविवारी हसली नाही. "घट्ट धर, मान वर," विश्वनाथ मागून सांगायचे. ती घट्ट धरायची. होता होता ती चाप ओढायच्या आधीच डोळे मिटून घ्यायला लागली. विश्वनाथांना वाटलं, सवयीने जमेल.

एप्रिल अर्धा सरला तशी एका रविवारी ती म्हणाली, "आय हॅव होमवर्क." पुढच्या रविवारी तिला बरं वाटत नव्हतं. मग एके दिवशी जेवताना, ताटात बघत, म्हणाली, "बाबा, मला नाही आवडत ते रिअली. तू गन विकून टाक ना."

विश्वनाथ "बरं" म्हणाले. घास गिळला. त्यांना बंदुकीचं दुःख नव्हतं, बदकांचं तर नव्हतंच. पोर आपल्याला कंटाळली, आता ते दार पुन्हा लागणार आणि यावेळी उघडायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं. त्या रात्री त्यांनी बंदूक उगाचच पुसून काढली आणि कपाटात ठेवली.

शनिवारी कल्याणी वेदूच्या केसांना तेल लावत होती. टी-शर्टचा गळा जरा सरकला आणि तिचा हात थांबला. खांद्यापासून दंडापर्यंत निळं, हिरवं, पिवळं झालेलं. जुन्यावर नवं, नव्यावर नवं. नर्सबाईला किती आठवड्यांचं आहे ते विचारायची गरज नव्हती.

"बाबाला नको सांगू," वेदू घाईने म्हणाली. "प्लीज. ही वॉज सो हॅपी."

कल्याणीने तडक स्वयंपाकघर गाठलं. विश्वनाथ भांडी पुसत होते. "लेकीचा खांदा बघून या," ती म्हणाली. "सगळ्या गोष्टी मोठ्या घ्यायच्या, मोठ्या घ्यायच्या! ती पोरगी आत्ता आहे, अहो, आत्ता. ती दिसते का तुम्हाला?"

विश्वनाथांनी वेदूच्या दारावर टकटक केली. आत गेले. तिने मान वळवून टी-शर्टचा गळा थोडा बाजूला केला, आणि त्यांना बघवेना. ते पलंगाच्या कडेवर बसले.

"दुखत होतं तर बोलली का नाहीस, बाळा?"

"तू एवढ्या प्रेमाने घेतलीस. आणि कारमध्ये किती मज्जा यायची." ती गुडघ्यांत तोंड घालून बोलत होती. "मला वाटलं, आय विल ग्रो. आय वॉज ट्राइंग टू ग्रो, बाबा. रोज दाराच्या मागे उभी राहून उंची बघायचे. होतच नव्हते मोठी."

आता मात्र विश्वनाथांचा बांध फुटला. लेकीसमोर ते असे कधी रडले नव्हते. तिला जवळ घ्यायला हात पुढे केला आणि दुखेल म्हणून तसाच अडखळला. मग तिनेच दुसरा, बरा असलेला खांदा त्यांना टेकवला.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "खरंच आवडत नाही का तुला?"

"आय लव्ह इट," ती नाक ओढत म्हणाली. "फक्त ही गन मला नको आहे."

त्याच दुपारी दोघं बारा बोर घेऊन मरेच्या दुकानात गेले. 'मी सांगितलं होतं' असं मरे म्हणणार, म्हणून विश्वनाथ वाटेतच मान खाली घालायची तयारी करून आले होते. पण तो भला माणूस होता. त्याने बारा बोर परत ठेवून घेतली, वीस बोरची आखूड बंदूक काढली आणि हलक्या भाराची काडतुसं काउंटरवर मांडली. वेदूला हात कोपरात वाकवायला सांगून त्याने दस्ता तिथे टेकवला आणि बोट चापापर्यंत कुठवर जातं ते पाहिलं. पोर चणीने लहान, तिला तोसुद्धा किंचित लांब होत होता. मरेने पेन्सिलीने लाकडावर खूण केली. इथून कापून देतो म्हणाला. मग त्याने वर पाहिलं आणि खांदे उडवून विश्वनाथांना विचारलं, या वयात पोरं झपाट्याने वाढतात, तेव्हा वाढीसाठी थोडं राखून कापू का?

आयुष्यभर हाच प्रश्न विश्वनाथ दुसऱ्यांना विचारत आले होते. शिंप्यांना, दुकानदारांना, स्वतःला. त्यांनी वेदूकडे पाहिलं. ती हात वाकवून, कोपरात बंदूक धरून, हलायचं नाही म्हणून श्वास रोखून उभी होती. किती लहान होती. किती पुरेशी होती.

"नको," ते म्हणाले. वेदूकडेच बघत असल्यामुळे पुढचंही मराठीतच आलं. "आज आहे ना माझी पोर, तेवढीच. तेवढंच माप घ्या."

मरेला काही कळलं नाही. त्याने वेदूकडे पाहिलं.

वेदू हलली नाही. बाबाकडे बघत, हळू आवाजात तिनेच त्याला सांगितलं, "ही सेज, जस्ट मी. अ‍ॅज आय अ‍ॅम टुडे."